सॅटर्न गेली

आज सकाळी आमची सॅटर्न टो-ट्रकवर चढली आणि ड्राइव्हवे एकदम ओकाबोका दिसायला लागला. अमेरिकेतली माझी पहिली गाडी, तीही सेकंडहँड. दारांचे पत्रे चक्क प्लास्टिकचे! शॉपिंग कार्ट आपटली तरी पोचा नाही. आई आली होती तेव्हा कौतुकाने टिचक्या मारून बघायची.

जपानी गाड्यांना टक्कर द्यायला जनरल मोटर्सने १९८५ मध्ये ही वेगळी कंपनी काढली. टेनेसीत स्प्रिंग हिलला कारखाना, पहिली गाडी १९९० ची. शोरूममध्ये घासाघीस नाही, एकच भाव. (पुण्याच्या दुकानदारांना यात नवल ते काय!) २००९ मध्ये पेन्स्की या मोटार-विक्रेत्या कंपनीबरोबरचा विक्रीचा सौदा फिसकटला आणि ब्रँडच गुंडाळला.

जादा किल्ली द्यायची राहिली. खिशातच आहे अजून.