लाइट गेली तरी तो वाजवत राहिला

काल रात्री मित्रानं त्याच्या पहिल्या रेकॉर्डिंगच्या फाइल्स पाठवल्या, 4 गाणी, 22 मिनिटं, आणि मी गच्चीवर हेडफोन लावून सलग दोनदा ऐकली. ब्लॅक मेटल आहे, म्हणजे मेटल संगीताचा एक भरधाव, खरखरीत प्रकार. गिटार, बेस, आवाज सगळं त्याचं एकट्याचं, ड्रम्स लॅपटॉपवर एकेक ठोका टाकून बनवलेले. नागपूरच्या महाल भागात त्यांच्या घरी वरच्या खोलीत केलंय सगळं, ते पण ऐन मे महिन्यात, आणि कूलर सुरू असला की माइकमध्ये नुसती घरघर येते म्हणून कूलर बंद. आवाज रेकॉर्ड करताना वरून डोक्यावर रजई, शेजारी त्रास नको म्हणून. तरी काकू वर आल्याच, "काहून ओरडून राहिला रे, बरं आहे नं तुले?"

ज्यांनी हे संगीत कधी ऐकलं नाही त्यांना वाटेल स्पीकर फाटला. पण हा आवाज असाच घरातून, गॅरेजातून आलाय. बाथरी या स्वीडिश बँडचा 1984 चा पहिला अल्बम स्टॉकहोमच्या एका गॅरेजमधल्या छोट्या स्टुडिओत झाला, आणि डार्कथ्रोन या नॉर्वेच्या बँडच्या 1994 च्या अल्बमला गाणारा वेगळा असला तरी वाद्यं सगळी त्यांच्या ड्रमरनं, फेनरिझनं, एकट्यानं वाजवलीत, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर.

तर माझ्या मित्राला कुणीतरी सांगितलं की आधी रेकॉर्डिंगमधली खरखर काढ, म्हणून यानं साफ केलेली फाइल पण पाठवली होती. त्यात कसं करतात, शांत जागेचा एक तुकडा निवडायचा, मग सॉफ्टवेअर तसला आवाज पूर्ण गाण्यातून कमी करत जातं. पण इथं तार इतक्या वेगानं छेडलेली आणि त्यावर इतकं डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटका केलेला आवाज, की गिटारची वरची धार आणि ती खरखर एकमेकांत मिसळून गेलेली, एक काढायला जा की दुसरी पण जाते. गिटार पाण्याखालून आल्यासारखी वाटत होती, मला अजिबात नाही आवडलं.

तिसरं गाणं लांबलंय, दोन मिनिटं कमी चाललं असतं. दुसरं मात्र, काय सांगू. मधेच लाइट गेली आणि अ‍ॅम्प बंद पडला, लॅपटॉप बॅटरीवर म्हणून रेकॉर्डिंग चालूच, कानात ड्रम्स चालूच, आणि हा थांबलाच नाही. एवढी मोठी गिटार एकदम गायब होते आणि मागे राहते नुसती तार, तार छेडायच्या पट्टीचा, पिकचा, बारीक टिकटिक आवाज, दहा-बारा सेकंद, आणि एकदा त्याचा श्वास. साफ केलेल्या फाइलमध्ये तिथं काहीच नाही, ड्रम्स सोडून सगळं पुसलं गेलंय.

रात्री दीडला फोन करून उठवलं त्याला, म्हटलं कच्चाच ठेव भाऊ, हात नको लावू. "ठेवतो ना बे, झोपू दे आता," म्हणाला.