हौद्याखाली वाकून बघा

इंजिनाच्या मॅनिफोल्डला, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाला, हात लावला तर ऊब लागली. आम्ही पोचायच्या आधीच मालकांनी गाडी चालू करून ठेवली होती. मी म्हटलं, "घाई नाही, गार होऊ दे. तोवर खालून बघतो." तापलेलं इंजिन कसंही चालू होतं. गार इंजिनाला सेल्फ मारला की बॅटरी, नोझल, कॉम्प्रेशन, धुराचा रंग, सगळं तिथल्या तिथे कळतं. म्हणून विकायला काढलेली जुनी गाडी बघायला जाताना मी मालकांना आधीच सांगून ठेवतो, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. त्या दिवशीही सांगितलं होतं.

गडहिंग्लजच्या अलीकडे एका फार्महाऊसवर उभी होती ती. महिंद्राची एफसी-१५०, १९७४ ची नोंदणी. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. घराणं विलीज जीपचंच, पण केबिन थेट पुढच्या चाकांवर, इंजिन दोन सीटच्या मधल्या डब्याखाली आणि मागे हौदा. चपट्या तोंडाची ही पिकअप आता क्वचितच दिसते. या गाडीला नवा फिकट हिरवा रंग, पांढरं छत आणि हौद्याला पॉलिश केलेल्या लाकडी फळ्या होत्या. किंमत सांगितली होती साडेचार लाख.

घेणारा मुलगा पुण्यात नोकरीला, आयुष्यातली पहिलीच जुनी गाडी. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या गॅरेजवर त्यांचं येणं-जाणं असतं. तेच मला घेऊन आले होते. पोरगा हौद्याच्या फळीवरून हात फिरवत होता. मनाने त्याने गाडी घेऊन टाकली होती, हे मला फाटकातूनच दिसलं.

नवा रंग दिसला की मी गाडीला जास्त वेळ देतो. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेला लावलं, ते दोन ठिकाणी धरेना. म्हणजे आत पुट्टी. त्याचं मला फारसं वाटलं नाही. पन्नास वर्षांच्या पत्र्याला थोडी पुट्टी असणारच, आणि पत्रा बदलता येतो. मी खाली सरकलो.

चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, काळा रंग ताजा होता. टॉर्च धरून छोट्या हातोडीने पुढून मागे ठोकत गेलो. चांगल्या लोखंडाचा आवाज टणक येतो आणि हातोडी उसळते. केबिनच्या मागेपर्यंत तसंच होतं. हौदा सुरू होतो तिथून आवाज बसला. मागचा क्रॉस मेंबर, म्हणजे आडवा दांडा, चेसीला मिळतो त्या कोपऱ्यात तर हातोडी उसळलीच नाही. स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला, तो रंग फोडून आत गेला. बाहेर काढला तसे गंजाचे पापुद्रे माझ्या तोंडावर पडले. पुढे हात फिरवला तर वीतभर रुंद पट्टी चेसीवर वेल्ड करून वरून काळा रंग दिलेला.

असा गंज शेतावरच्या गाडीला सहसा येत नाही. शेतातली गाडी चिखलाने गंजते आणि तो गंज बाहेरून दिसतो. हा आतून आलेला होता, तोही फक्त हौद्याखाली. मालकांना विचारलं, "गाडी आधी कुठं होती?" ते म्हणाले, "आमच्याकडं चार वर्षं आहे. त्याआधी देशावरच होती म्हणतात." आरसी बुक मागितलं. जुनं, पुस्तकासारखं. मधल्या पानांवर रत्नागिरीच्या नोंदी, एक-दोन नव्हे, ओळीने. किनाऱ्यावर पिकअपच्या हौद्यात बहुतेक करून मासळी आणि बर्फच जातो. बर्फ वितळतो, खारं पाणी फळ्यांच्या फटीतून चेसीवर ठिबकतं आणि जोडाच्या खाचेत साचून राहतं. वर्षानुवर्षं. वरून कितीही रंग द्या, आतलं मीठ काम करत राहतं.

मालकांना हे माहीत नसावं, असंच मला वाटतं. त्यांनी गाडीवर खर्च केला होता, प्रेमही केलं होतं. बुक बघून त्यांचा चेहरा उतरला.

एव्हाना इंजिन गार झालं होतं. पोराने सेल्फ मारला आणि पहिल्या फटक्यात चालू झालं. धूर नाही, रेस सरळ. तो खुशीत म्हणाला, "काका, इंजिन तर एक नंबर आहे की!"

होतंच. फक्त ते त्या गाडीचं नव्हतं. १९७४ ची एफसी-१५० पेट्रोलवर यायची, जीपच्या हरिकेन इंजिनवर. या डब्याखाली प्यूजोचं डिझेल बसवलेलं होतं, २११२ सीसीचं. ते महिंद्राच्या जीपांत आलं ऐंशीच्या दशकात. डिझेल परवडतं म्हणून आपल्याकडे कितीतरी जुन्या जीपांत असं इंजिन बसवलं गेलं आणि त्या गाड्या उत्तम चालल्याही. पण बुकात इंधन पेट्रोल लिहिलेलं आणि इंजिन नंबर जुनाच. बदलाची नोंद आरटीओत कुणी केलीच नव्हती. आज ना उद्या तपासणीत नंबर जुळवले की काम अडणार, आणि तेव्हा निस्तरायचं नव्या मालकाने.

पोरगा म्हणाला, "मला तर व्हिंटेजचा नंबर घ्यायचाय. पन्नास वर्षं झालीत ना?"

मी त्याला हौद्यावर बसवलं. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांवरची गाडी, व्हीए मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीला २० हजार, मुदत १० वर्षं. पण गाडी मूळ रूपात हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. शिवाय असा नंबर घेतला की गाडी रोज रस्त्यावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. धंदा तर नाहीच.

"पण मी शनिवार-रविवारी हिच्यावर कॉफीचा स्टॉल लावणार होतो."

"मग तुला व्हिंटेज नंबर नको. मालवाहूच हवी. तिला दरवर्षी फिटनेसचं प्रमाणपत्र लागेल, पर्यावरण कर लागेल. आधी ठरव, गाडी ठेवायची आहे की चालवायची."

पहिल्यांदा जुनी पिकअप घेणाऱ्याने गाडी बघायच्या आधी एवढं तरी ठरवावं, असं मला कळकळीने वाटतं. त्यावर सगळं अवलंबून आहे. ठेवायची असेल तर बंद पडलेलं मूळ इंजिनसुद्धा चालत्या परक्या इंजिनापेक्षा मोलाचं. चालवायची असेल तर ब्रेक आधी. या जुन्या गाड्यांना चारी चाकांचे ब्रेक एकाच लाइनवर असतात. एक पाइप फुटला की पेडल तळाला जातं आणि चारही चाकं मोकळी. घाटात उतरणाऱ्या माणसाने हे विसरू नये. बाकी गिअर, स्प्रिंगचे पाटे, बेअरिंग यांना जीपचं सामान लागतं आणि ते मिळतं. एफसीच्या केबिनची काच आणि पत्रे मात्र शोधत हिंडावं लागतं.

मालक एक लाख कमी करायला तयार झाले. वडील गप्प होते, मग म्हणाले, "मिस्त्री, चेसी बदलून घेतली तर?" मी म्हटलं, "बदलली तर चेसी नंबर कुठला? बुकातली गाडी तीच राहायला नको?" एसटीत आयुष्य काढलेला माणूस, लगेच समजले. पोराचे डोळे भरले होते. त्याने मालकांना नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

परवा त्याचा फोन आला. निपाणीला एक जुनी टाटा २०७ पिकअप आहे, रंग उडालेला, मालवाहू नोंदणी चालू. मी विचारायच्या आधीच त्याने हौद्याखालचे फोटो आणि आरसीच्या दोन्ही बाजू पाठवल्या होत्या. गाडी कर्नाटकची. त्याला सांगितलंय, तिथल्या आरटीओची एनओसी आणि बँकेचा बोजा उतरल्याचा कागद हातात येईपर्यंत बयाणा द्यायचा नाही, आणि महाराष्ट्राचा कर वेगळा धरायचा. रविवारी बघायला जातोय. मालकांना गाडी गारच ठेवायला सांगितलीय.