३५ एमएम आणि रावेरकडची केळी

शेवटी ३५ एमएमची लेन्स घेतलीच. एफ १.८ (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), सेकंडहँड, माझ्या क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवर साधारण ५२ सारखी पडते म्हणजे ना धड वाइड (रुंद दाखवणारी) ना धड टेले (लांबचं जवळ आणणारी). मित्र म्हणाला कॅमेऱ्यासोबत आलेल्या किटच्या १८-५५ झूममध्ये ३५ आहेच की भो, परत पैसे कशाला घातले? मुद्दा चुकीचा नाही त्याचा, पण किटवर ३५ ला थांबतं कोण, एकतर १८ नाहीतर ५५, आणि खरं सांगायचं तर किट बॅगेतच असायची, कॅमेऱ्यावर कायम ७०-३०० ही लांबची झूम.

जळगावकडच्या रावेर-यावल पट्ट्यात ज्यांनी फोटो काढलेत त्यांना माहितीये, लांबून ३०० ला टाकलं की केळीच्या मागे सातपुडा असा उभा राहतो की बांधाला लागूनच आहे वाटतं. लाइक भरपूर. पण ती करामत लेन्सची नाहीच, तुम्ही बागेपासून लांब उभे असता म्हणून बाग आणि डोंगर यांच्यातलं अंतर दबलेलं दिसतं. त्याच जागेवरून ३५ ने काढा आणि मधला भाग क्रॉप करा, डोंगर केळीच्या मानाने तेवढाच उंच येईल, फक्त पिक्सेल उरणार नाहीत.

आता ३५ ने फ्रेम भरायची तर चालत जायचं. बांधापर्यंत गेलो, अजून जवळ, अजून जवळ, आणि सातपुड्याची झाली निळी रेघ. माझा हुकमी फोटो गेला.

मग आतच शिरलो. बागेत भर दुपारीही अंधारलेलं असतं, पानात पान अडकलेलं, खाली उन्हाचे ठिपके तेवढे. ३०० वर एफ ५.६ ला तिथे आयएसओ (सेन्सरची उजेड पकडायची ताकद) नुसता वर पळायचा, १.८ ला जवळपास दहापट उजेड मिळतो. (पण जवळून १.८ ठेवला तर डोळा शार्प आणि कान गायब, म्हणून माणसांना मी एफ ४ वर येतो.) कापणी चालू होती. एकाच्या शर्टावर चिकाचे इतके डाग की मूळ रंग कॉलरच्या आतूनच कळत होता, खांद्यावर दुमडलेलं गोणपाट, त्यावर घड, आणि ताज्या कापलेल्या दांड्यातून चीक थेंब थेंब पाठीवर. केळीचा डाग काळा पडतो आणि जात नाही हे आपल्याकडच्या पोराटोरांनाही माहिती असतं, माझ्या फोटोत मात्र तो कधी आलाच नव्हता कारण मी कायम रस्त्यावर उभा.

आणि ३५ ने माणूस काढायचा तर त्याच्याशी बोलावं लागतं, सुटका नाही. ३०० वाल्याला रामराम घालायची गरजच पडत नाही, आता मला ते जरा चोरटं वाटतं. इथे एकाचा काढला की दुसरा लगेच "मना बी एक काढ ना भाऊ". काढायचा. तो ताठ उभा राहणार, हात शिवणीला, फोटो आधार कार्डासारखा येणार, तरी काढायचा आणि स्क्रीनवर दाखवायचा. एकदा ते झालं की मंडळी आपल्याला विसरून कामाला लागतात, खरे फोटो त्यानंतरचे.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजाराच्या यात्रेतही हीच लावून फिरणार आहे. घोड्यांचे ऐटबाज चेहरे दरवर्षी सगळेच काढतात, मला सौदा करणारी माणसं जवळून हवीत. फक्त घोड्याच्या मागच्या बाजूला ३५ घेऊन उभं राहू नका, एवढंच सांगतो.

७०-३०० विकणार नाही, कोणी विचारू नका. हतनूरच्या पक्ष्यांना तीच लागते, ३५ ने तिथे नुसतं धरणाचं पाणी येईल. आणि सेकंडहँड घेणाऱ्यांनो, लेन्सच्या मागून टॉर्च मारून आत फंगसची (बुरशीची) जाळी आहे का बघा, अ‍ॅपर्चरच्या (उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या) पात्यांवर तेल आहे का बघा, मगच पैसे द्या.