तुम्ही विचारलेत म्हणून: ऑइल कूलर कोणता घ्यावा?

स्पोर्ट्स कारला इंजिनाचे तेल थंड करणारा ऑइल कूलर बसवायचा आहे, 19 रोचा (रो म्हणजे कूलरमधल्या तेल वाहून नेणाऱ्या चपट्या पट्ट्या) घेऊ की 25 रोचा, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की विचारणाऱ्याचे पुढचे वाक्यही मला आधीच ठाऊक असते. बहुतेकांची निवड मनातल्या मनात झालेली असते आणि माझ्याकडून त्यांना केवळ शिक्कामोर्तब हवे असते. मी उलट विचारले की तेलाचे तापमान किती चढते, ते कुठे मोजले आणि किती वेळ तिथे टिकले, तर समोरच्याचा चेहरा पडतो आणि मी उत्तर टाळतो आहे किंवा विद्वत्ता मिरवतो आहे असा त्याचा समज होतो. मी टाळत नाही. त्या तीन गोष्टी कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नसते, आणि हे तोंडी सांगून कंटाळल्यामुळे एकदाचे लिहून ठेवतो आहे.

पाण्याचा काटा नव्वदवर स्थिर आहे म्हणून तेलही तिथेच असेल, असे मानणारे बरेच भेटतात. तेल पाण्यापेक्षा सावकाश तापते आणि ट्रॅकवर पाण्याला मागे टाकून कितीतरी वर जाते. संपमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्यातले, तेल 90 ते 110 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर ते आपल्या घरी आहे असे समजावे. चांगले सिंथेटिक तेल 120 ते 130 अंश निमूटपणे सोसते. 140 च्या पुढे ते रेंगाळू लागले तर मात्र मीही अस्वस्थ होतो. हा आकडा सेन्सर संपमध्ये आहे, कूलरच्या आधी आहे की नंतर, यावर बराच बदलतो, आणि काही गाड्यांत तर डॅशबोर्डवर दिसणारे तापमान मोजलेले नसून संगणकाने बांधलेला अंदाज असतो. अंदाजाच्या भरवशावर कूलरसाठी बंपर कापायला निघालेली माणसे मी पाहिली आहेत.

मोजल्यावर असे दिसले की तापमान 125 च्या आसपास थांबते, तर माझे उत्तर बहुधा ‘कूलर नको, तेल बदला’ असे असते, आणि ते कोणालाच आवडत नाही, कारण तेल बदलल्याचे कोणाला दिसत नाही. 5डब्ल्यू-30 या ग्रेडच्या (दुसरा आकडा मोठा तितके गरम तेल जाड) तेलाची 150 अंशांवर जोराच्या घर्षणात मोजलेली चिकटता, जिला एचटीएचएस म्हणतात, प्रमाणाप्रमाणे किमान 2.9 मिलिपास्कल-सेकंद असावी लागते, तर 5डब्ल्यू-40 साठी ही किमान मर्यादा 3.5 आहे. बेअरिंगमध्ये धातूला धातूपासून दूर ठेवणारा थर या चिकटतेवर उभा असतो. इंजिन बनवणाऱ्याने जाड ग्रेडला परवानगी दिली असेल, तर निव्वळ बाटली बदलून जेवढे संरक्षण मिळते, तेवढे मिळवण्यासाठी लोक दोन नळ्या, चार फिटिंग आणि गळतीच्या आठ नव्या जागा पदरात घेतात.

पूर्वीचा मी या परिच्छेदावर चिडला असता. त्याचे म्हणणे साधे होते की जितके थंड तितके सुरक्षित, आणि हवामान तापलेले असताना शेवटच्या लॅपला इंजिन गेले तर बाटलीचा हिशेब कोण विचारणार? त्याला मी असे सांगेन की तेल सतत 80 च्या खाली राहिले तर त्यात उतरलेले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत मोठा कूलर थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तेल तापेपर्यंत त्याला कूलरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेशिवाय, बसवणे म्हणजे नेमके तेच ओढवून घेणे होय. तरीही शेवटच्या लॅपचा त्याचा मुद्दा मला पूर्णपणे खोडता आलेला नाही.

सल्ला देणाऱ्यांत एक जात अशी आहे की जिच्यापुढे मी हात टेकतो, ती म्हणजे जुन्या एअर-कूल्ड पोर्शे 911 चे मालक. 1964 पासून 1998 पर्यंत बनलेल्या त्या इंजिनांत पाणी नाहीच, त्यामुळे उष्णतेचा मोठा वाटा तेलच वाहून नेते, आणि 1969 च्या 911 एस मध्ये पुढच्या फेंडरमध्ये जादा ऑइल कूलर कारखान्यातूनच आला होता. त्या गाडीत ऑइल कूलर हा शीतन व्यवस्थेचा कणा आहे. तिथले शहाणपण पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला तसेच्या तसे लावू नये, एवढेच माझे म्हणणे.

पाण्याच्या इंजिनात आणखी एक मार्ग आहे, आणि तो फारसा दिखाऊ नसल्यामुळे दुर्लक्षित राहतो: तेल आणि पाणी यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण करणारा कूलर. तो सकाळी तेलाला पाण्याकडून ऊब देतो, नंतर त्याची जास्तीची उष्णता पाण्यात टाकतो, आणि त्याच्या नळ्या बंपरपर्यंत जात नाहीत. रेडिएटरमध्ये हा भार पेलण्याइतकी ताकद शिल्लक असेल, तर रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक अशा वापरासाठी मी आधी हाच सुचवतो. रेडिएटर आधीच मेटाकुटीला आला असेल, तर हा उपाय दुखणे एका काट्यावरून दुसऱ्यावर हलवतो.

आता हवेच्या कूलरबद्दल. कोअर, म्हणजे कूलरचा मुख्य जाळीदार भाग, कोणत्या नावाचा आहे यापेक्षा त्याच्यातून हवा जाते का, हे महत्त्वाचे आहे. हवेला मोकळी वाट दिली तर ती कोअरच्या बारीक जाळीत शिरण्याऐवजी बाजूने निसटते, म्हणून बंपरच्या तोंडापासून कोअरच्या चारही कडांपर्यंत बंद डक्ट, म्हणजे हवेचा बंदिस्त मार्ग, लागतो. हे तोंड कोअरपेक्षा बरेच लहान चालते, कारण रुंदावत जाणाऱ्या डक्टमध्ये हवा मंदावते आणि तिचा दाब वाढतो. बाहेर पडण्याचा रस्ता मात्र सगळेच विसरतात. कोअरच्या मागे चाकाचे प्लास्टिकचे अस्तर बंद ठेवून कूलर ‘काम करत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्यांना मी ते अस्तर दाखवतो. ते माझ्याकडे अविश्वासाने पाहतात. रेडिएटरच्या थेट पुढे कोअर टांगला तर हवा मिळते खरी, पण ती तापून रेडिएटरवर जाते आणि पाण्याचा काटा त्याची किंमत सांगतो.

ज्या प्रसंगामुळे माझे मत असे वाकडे झाले तोही सांगणे भाग आहे, कारण तो अर्धवट ऐकून ‘याच्या कूलरने दोन इंजिने खाल्ली’ असे सांगत फिरणारे लोक आहेत. ते मला मान्य नाही. निदान पहिल्या इंजिनाबाबत मुळीच नाही.

पहिले इंजिन गेले तेव्हा तेलाचे तापमान 105 च्या आसपास होते, म्हणजे कूलर आपले काम चोख बजावत होता. चिकट टायरमुळे एका लांब वळणात तेल संपच्या एका बाजूला जमत होते आणि पंपाच्या तोंडाशी काही क्षण हवा येत होती. ऑइल प्रेशरची ती घसरण इतकी थोडक्यात आटपे की ती काट्यावर दिसली नाही, नंतर सेन्सरच्या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, दिसली. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले. कितीही रोंचा कूलर असता तरी हे टळले नसते, कारण जे तेल पंपाला मिळतच नाही ते थंड असून उपयोग काय?

वर्कशॉपने नवा शॉर्ट ब्लॉक (इंजिनाचा जुळवलेला खालचा भाग), नवा पंप आणि आडपडदे लावलेला संप बसवला. कूलर जवळजवळ नवा होता. त्यांनी तो दोन्ही दिशांनी सॉल्व्हंटने फ्लश केला, पांढऱ्या फडक्यावर डाग पडेनासा होईपर्यंत, आणि फडके मला दाखवले. मी विचारले की तरीही बदलावा का. प्रमुख मेकॅनिकने दिलेले उत्तर असे की सँडविच प्लेटच्या (इंजिन आणि फिल्टर यांच्यामध्ये बसणाऱ्या, नळ्या जोडण्याच्या चकतीच्या) रचनेत पंपाकडून येणारे तेल आधी कूलरमध्ये जाते आणि परत येऊन फिल्टरमधून गाळले जाते, तेव्हा चुकून एखादा कण राहिलाच तर फिल्टर तो अडवील. हा युक्तिवाद कागदावर आजही बिनतोड आहे, आणि तो ऐकून मी होकार दिला यात मला लाज वाटत नाही.

कागदावर नसलेली वस्तू म्हणजे फिल्टरची बायपास झडप. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती उघडते आणि न गाळलेले तेल थेट बेअरिंगकडे जाते, कारण इंजिनाला घाणेरडे तेल परवडते, तेल नसणे परवडत नाही. यावर तुम्ही म्हणाल की तेल घट्ट असते ते सकाळी, आणि सकाळी थर्मोस्टॅट तेलाला कूलरकडे जाऊच देत नाही. हेच मी स्वतःला कित्येकदा सांगून पाहिले आहे. पण थर्मोस्टॅट 80 अंशांच्या आसपास उघडतो तेव्हा कोअरमध्ये साचून राहिलेले थंड, घट्ट तेल, त्यात जे काही असेल त्यासकट, फिल्टरवर येऊन आदळते, आणि त्या क्षणी उजवा पाय दाबलेला असेल तर झडप उघडायला निमित्त पुरते.

रनिंग-इन, म्हणजे नव्या इंजिनाचे सुरुवातीचे जपून चालवणे, झाले, तेल बदलले, आणि पहिल्याच खऱ्या ट्रॅक डेला नॉक, म्हणजे इंजिनातला ठकठक आवाज, ऐकू आला. लॉगमध्ये या वेळी प्रेशरची घसरण नव्हती. इंजिन उघडले तेव्हा रॉड बेअरिंगवर ओरखडे होते आणि त्याच्या मऊ थरात परके कण रुतलेले होते. फिल्टर कापला तर घड्यांमध्ये तांबूस चमक. मग मी कोअर कापायला लावला. पट्ट्यांच्या आत तेलाला ढवळण्यासाठी बसवलेली दुमडलेली पत्र्याची जाळी असते, तिच्या कोपऱ्याकोपऱ्यांत धातूचे कपचे अडकलेले होते. सॉल्व्हंट मोकळ्या वाटेने निघून जाते, या कोपऱ्यांत ते शिरतच नाही.

वर्कशॉपचे म्हणणे असे की ते कपचे दुसऱ्याच इंजिनाचे आहेत, कारण पंपाकडून निघालेले तेल आधी कूलरमध्येच जाते. माझे म्हणणे असे की ते पहिल्याचे आहेत. दोघेही बरोबर असू शकतो, आणि एकाच कोअरमध्ये दोन इंजिनांची धातू मिसळल्यावर ती कोणाची हे सांगणारी खूण उरत नाही. शिवाय नळ्याही जुन्याच होत्या, त्यामुळे रुतलेले कण कोअरमधून आले की नळ्यांमधून, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यांनी मजुरी घेतली नाही, आणि मजुरी न घेणे म्हणजे कबुली नव्हे, हेही बजावले.

तेव्हापासून बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा कूलर आणि नळ्या मी फेकायला सांगतो, आणि वापरलेला कूलर स्वस्तात मिळतो आहे म्हणून फोन करणाऱ्यांना विचारतो की तो कोणत्या इंजिनावरून उतरला आणि ते का उतरवले. यावर नेहमी येणारा प्रतिप्रश्न असा: मालक ओळखीचा आहे, इंजिन धडधाकट आहे, मग काय हरकत? पूर्वीचा मी ‘घे’ म्हणाला असता. आजचा मी गप्प बसतो, आणि गप्प बसणे हे उत्तर नव्हे, हे मला कळते.

एवढे वाचूनही 19 की 25 हे ऐकायचेच असेल, तर ऐका. तुमच्या बंपरमागे डक्टसह जो कोअर नीट मावतो आणि ज्याच्या मागून हवा बाहेर पडू शकते तो घ्या. बहुतेक गाड्यांत तो 19 रोचा निघतो, आणि नीट डक्ट केलेला 19 हा उघड्यावर टांगलेल्या 25 पेक्षा मला केव्हाही चालेल. कोअरला नळ्या जोडण्याची तोंडे वर किंवा बाजूला ठेवा, खाली ठेवलीत तर वरच्या भागात हवा अडकून राहते. थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेट घ्या, नळ्या कोणत्याही धारदार कडेला टेकू देऊ नका, आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन गरम करून मग पातळी पुन्हा तपासून तेल घाला, कारण कोअर भरताना संपमधले तेल कमी होते. रेसिंगमधले काही जण थर्मोस्टॅट म्हणजे वाटेतला अडथळा म्हणून तो काढून टाकतात. त्यांची इंजिने सुरू होतात तीच तेल बाहेरून गरम करून. तुम्ही तसे करणार असाल तर तुम्हीही काढा.