नर्सिंगचं पहिलं वर्ष, मानसोपचार ओपीडी आणि एक फिटनेस सर्टिफिकेट : माझा अनुभव

सोळा दिवस. एका कागदासाठी मला सोळा दिवस वॉर्डात पाऊल टाकू दिलं नाही. वर्ष होत आलं, तरी आठवलं की अजून जीव तळमळतो. यंदा ज्या मुली पहिल्या वर्षाला आल्यात त्यांच्या वाट्याला हे येऊ नये, म्हणून लिहितेय.

मी औसा तालुक्यातली. सीईटी देऊन बी.एस्सी. नर्सिंगला लागले. घरात पहिल्यापासून कमी बोलणारी म्हणून माझी ओळख. पहिल्या सेमिस्टरला सायकॉलॉजी असतं, त्यात व्यक्तिमत्त्वाच्या धड्याला मॅडमनी सगळ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. माझं उत्तर आलं : अबोल, आणि काळजी करण्याकडे कल जास्त. मॅडम वर्गासमोर म्हणाल्या, "पेशंटशी बोलायला जीभ लागते गं. तुझ्या स्वभावाला हे झेपायचं नाही." त्यांनी ते सहज म्हटलं असेल, माझ्या मात्र ते डोक्यात बसलं.

पुढे मेल मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग लागलं. चौदा नंबरच्या बेडवर एक आजोबा होते. रोज सकाळी बीपी घ्यायला गेले की स्वतःच बाही वर सारून हात पुढे करायचे. एका सकाळी मी पोचले तेव्हा त्यांना जाऊन अर्धा तास झाला होता. सिस्टर म्हणाल्या, "ये, शिकून घे." हनुवटीला बँडेज कसं बांधायचं, नाकात कापूस किती घालायचा, पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी कशी बांधायची, सगळं त्यांनी नीट दाखवलं. मी केलंही. बाही मात्र तशीच वर सारलेली होती, ती मी खाली ओढली. त्या रात्रीपासून झोप गेली. तीनला जाग यायची आणि रडू आवरायचं नाही. मेसचा घास गिळवेना. स्टेथोस्कोप कानात असूनही बीपीचे ठोके कळेनासे झाले. मी स्वतःला सांगत राहिले की मॅडम म्हणाल्या तेच खरं, आपला स्वभावच नाही या कामाचा.

तीन आठवड्यांनी १४४१६ ला फोन केला. हा टेलिमानसचा नंबर. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. होस्टेलच्या गच्चीवर बसून बोलले. पलीकडच्या ताईंनी ऐकून घेतलं आणि जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, तिथे जा म्हणाल्या.

तिथलं काम एका सकाळीत झालं. केसपेपरला पैसे लागले नाहीत, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळं मोफत आहे. (मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यांचं वेगळं असतं, आधी विचारून जा.) मानसशास्त्रज्ञ मॅडमनी नैराश्य किती आहे हे बघायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. २७ पैकी माझे १५ आले. दहा किंवा त्याहून जास्त आले की लक्ष द्यावं लागतं. मी त्यांना माझ्या स्वभावाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "हे कधीपासून?" मी आजोबा गेले ती तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, "बघ, तुला तारीख सांगता येतेय. स्वभावाला तारीख नसते. कमी बोलतेस तो तुझा स्वभाव, तो राहू दे. झोप गेलीय तो आजार, त्याचं आपण बघू." मी तिथेच रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

मग कॉलेजात परत आले, आणि खरा त्रास तिथून सुरू झाला.

रजेच्या अर्जात 'कारण' अशी ओळ असते. मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'मानसोपचार ओपीडी'. ऑफिसातल्या साहेबांनी ते खिडकीतून मोठ्यांदा वाचलं. माझ्या मागे वर्गातल्या सात-आठ मुली उभ्या होत्या. म्हणाले, "फिटनेस आणल्याशिवाय वॉर्डात जायचं नाही." मी दुसऱ्या दिवशी परत ओपीडीला गेले, तिथल्या डॉक्टरांनी 'उपचार सुरू आहेत' असं लिहून दिलं. साहेब म्हणाले, यात 'फिट' शब्द कुठाय? तिसरी खेप. 'शिक्षण सुरू ठेवण्यास हरकत नाही' असं लिहून आणलं. तर म्हणे सिव्हिल सर्जनची सही पाहिजे. सिव्हिल सर्जन चार दिवस मीटिंगला. सही आणली, तर म्हणे आजाराचं नाव लिहिलेलं नाही, आणि पालकांना बोलवा.

आई एस.टी.ने आली, त्या दिवसाची मजुरी बुडवून. व्हरांड्यात तीन तास बसवून ठेवलं. मग विचारलं, "हिला आधीपासूनच असं आहे का?" आई उभी राहून म्हणाली, "साहेब, लेकरू कमी बोलतं माझं. कमी बोलणं गुन्हा आहे का?" मला तेव्हा अठरा पूर्ण झाली होती, आईला बोलवायची काही गरजच नव्हती. हे मला नंतर कळलं, याचीच चीड जास्त येते.

वॉर्ड बंद म्हणजे हजेरी बंद. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि प्रॅक्टिकलचे तास तर डिग्री मिळण्याआधी शंभर टक्के भरावेच लागतात. मैत्रिणी सकाळी युनिफॉर्म घालून निघायच्या आणि मी खोलीत एकटी. ज्याला आधीच झोप नाही त्याला रिकामं बसवून काय साधतं? ओपीडीतल्या मॅडमनी तर स्पष्ट सांगितलं होतं की काम सोडू नकोस.

सुटका केली ती मेंटल हेल्थ नर्सिंग शिकवणाऱ्या मॅडमनी. तो विषय पाचव्या सेमिस्टरला असतो, त्यामुळे त्या मला ओळखतही नव्हत्या. व्हरांड्यात फाईल घेऊन बसलेली दिसले म्हणून थांबल्या. त्यांनी सांगितलं, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३ : आजाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क पेशंटला आहे. "तोंडी भांडू नको. लेखी विचार, कोणत्या नियमाने थांबवलंय. आवक नंबर घे." मी अर्ज दिला, पोच घेतली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं आणि दोन मिनिटांत सही केली. आजाराचं नाव कुणीच परत विचारलं नाही.

गोळ्यांबद्दल सांगायचं राहिलं. मला सुरू झाल्या होत्या. पहिले दोन-तीन आठवडे फरक वाटत नाही, उलट मळमळतं. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच. झोप आधी सुधारली, भूक नंतर.

आणि अर्जात 'कारण' म्हणून नुसतं 'वैद्यकीय तपासणी' लिहा, ते खोटं नाही. केसपेपरची झेरॉक्स ऑफिसात देऊ नका, फक्त ओपीडीला हजर होतो असा दाखला द्या. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा की कॉलेजला दाखला लागेल, म्हणजे माझ्यासारख्या चार खेपा होणार नाहीत.

सुट्ट्या वगळून बुडालेल्या चौदा ड्यूट्या, रोजचे सहा तास, असे ८४ तास मी उन्हाळ्याच्या सुट्टीत भरून काढले. शेवटचे तीन दिवस त्याच मेल मेडिसिनला होते. चौदा नंबरवर एक काका होते, बोलायचे नाहीत फारसे, मीही नाही. त्यांचं बीपी १३४/८६ आलं, ठोके स्पष्ट ऐकू आले, मी चार्टवर लिहिलं आणि पंधरा नंबरकडे गेले.