हापूस संपला तर पायरी

२०२० च्या डिसेंबरात विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघासाठी मी आणि बाबांनी पहिल्यांदाच मत दिलं. विधानसभेच्या यादीत नाव असून इथे उपयोग नाही, दर निवडणुकीला नव्याने नाव नोंदवावं लागतं, हे आम्हाला ऐनवेळी कळलं. साक्षांकित प्रतींच्या धावपळीत एक दिवस गेला, पण नावं लागली.

खरा घोळ पुढेच होता. २०१७ ला महापालिकेच्या प्रभागात चार जागा म्हणून आम्ही चार मतं दिली होती. बाबांच्या डोक्यात तेच. "इथेही चौघांना देऊ की!" अहो बाबा, जागा एकच आहे. उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीप्रमाणे १, २, ३ लिहायचं. हे आकडे म्हणजे मतं नव्हेत, क्रम आहे. त्यात सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरत होता, "फक्त १ लिहा, २ लिहिलात तर पहिल्याचं मत अर्धं होतं." कोण शोधून काढतं हे!

मग चहा घेताना मी त्यांना समजावलं. आधी सगळ्यांचे १ मोजतात. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, हा कोटा. तो कुणालाच गाठता आला नाही, तर सगळ्यात कमी मतं असलेला बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरचे २ बघून त्या पुढच्यांना वाटतात. तुमचा पहिला टिकून आहे तोवर तुमच्या २ कडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

"म्हणजे हापूस संपला तरच पायरी."

अगदी तसंच.

केंद्रावर मतपत्रिका उलगडली तर वर्तमानपत्रच! ६२ उमेदवार. मास्कमुळे चष्म्यावर वाफ, हातात त्यांनीच दिलेला जांभळा स्केचपेन. माझा हात सवयीने बरोबरची खूण करायला निघालाच होता, थोडक्यात वाचले. खूण केली की मत बाद, अक्षरात 'एक' लिहिलं तरी बाद. आकडाच हवा.

बाबा ऐटीत बाहेर आले. स्कूटरपाशी पोचल्यावर मात्र थबकले. "माझा १ जरा ९ सारखा येतो गं."

निकालात अरुण लाड यांनी पहिल्या पसंतीच्या मतांवरच कोटा ओलांडला. पायरीची पाळीच आली नाही. बाबा मात्र पुढे कितीतरी दिवस किराणाच्या यादीमागे १ गिरवून मला दाखवायचे, "हा ९ वाटतो का?"