आमची वाटचाल : गेम थेरपिस्टनेच बनवायचा

पुण्यातली आमची कंपनी लहान. मोजके प्रोग्रामर, एक चित्रकार आणि अर्धवेळ येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून व्यायाम-सराव करून घेणाऱ्या) मॅडम, एवढाच संसार. थेरपिस्टना आपल्या पेशंटसाठी स्वतः गेम जुळवता यावेत असं सॉफ्टवेअर आम्ही विकतो.

सुरुवात तयार गेमपासून झाली. नोव्हेंबर 2010 मध्ये किनेक्ट, म्हणजे शरीराची हालचाल टिपणारा मायक्रोसॉफ्टचा कॅमेरा, बाजारात आला. हातात काही न धरता नुसत्या हालचालीवर गेम खेळता येतो म्हटल्यावर ठिकठिकाणच्या रिहॅब विभागांनी तो वापरून पाहिला. आम्ही त्यावर पॅरालिसिसनंतरच्या हाताच्या व्यायामाचे गेम करून द्यायचो. दिसायला झकास. पहिल्याच डेमोत एक थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "छान आहे हो, पण माझ्या पेशंट आजोबांचा हात खांद्याच्या वर जातच नाही. पडद्यावरची फळं डोक्यावर लटकवून काय उपयोग?" फळं खाली आणून दिली. पुढे आजोबांचा हात जरा वर जायला लागला, की फळंही वर न्यायची. दुसऱ्या एका काकूंना डाव्या बाजूचं भानच नव्हतं. त्यांना तीच फळं हळूहळू डावीकडे सरकायला हवी होती. दर बदलासाठी आम्हाला फोन यायचा. आम्ही नवी फाइल पाठवेपर्यंत पेशंट घरी गेलेला.

हा बदल मॅडमनी पेशंट समोर असतानाच करायला हवा, आणि तोही प्रोग्रामिंग न शिकता. आमच्या धंद्याचा पाया तो हाच. पडद्यावर डावीकडे हालचाली : कोपर सरळ करणं, हात बाजूला उचलणं, मूठ उघडणं. उजवीकडे त्यातून काय घडावं ते : पतंग वर जातो, वांगं पिशवीत पडतं, रांगोळीचा ठिपका जोडला जातो. दोन्ही जुळवायचं, वेग आणि रेप्स (हालचाल किती वेळा करायची) ठरवायचे, झालं. सुरुवातीला पेशंट हात जमेल तेवढा हलवून दाखवतो आणि त्या दिवसाच्या रेंजवर गेमची उंची ठरते. सूचना मॅडम स्वतःच्या आवाजात भरतात. आमच्या गोड रेकॉर्डिंगपेक्षा पेशंट ओळखीच्या आवाजाचं जास्त ऐकतात.

सर्वात जास्त डोकं खाल्लं ते 'ट्रिक मूव्हमेंट'ने. हात पुढे जात नसला की माणूस नकळत कमरेतून वाकतो आणि वस्तू गाठतो. गेमला वाटतं जिंकला, थेरपिस्टला दिसतं की कोपर जिथल्या तिथेच आहे. म्हणून 'धड हललं तर गुण नाही' अशी अट घातली. किती हललेलं चालेल ते मात्र मॅडम ठरवतात. नुकतीच सुरुवात करणाऱ्याला थोडं वाकू द्यावं लागतं, नाहीतर तो वैतागून खेळच सोडतो. हरल्याचा 'टॅं' आवाजही त्यांच्याच सांगण्यावरून गेला.

2017 मध्ये किनेक्टचं उत्पादन थांबलं. पुढे 2019 मध्ये गूगलने मीडियापाइप हे व्हिडिओतली हालचाल ओळखणारं सॉफ्टवेअर सर्वांना खुलं केलं. साध्या कॅमेऱ्यातून हाताचे 21 आणि नंतर शरीराचे 33 बिंदू मिळायला लागले. आता वेगळं यंत्र नको, मोबाइल पुरतो, शिवाय व्हिडिओ त्या मोबाइलबाहेर जात नाही. मर्यादा आहेतच. एकाच कॅमेऱ्याला पुढे-मागचं अंतर नीट कळत नाही, तळहात वर-खाली फिरवणं तो कच्चं ओळखतो, आणि साडीत गुडघा नेमका कुठे आहे हे त्याला सापडत नाही. पायाच्या व्यायामांची जाहिरात आम्ही म्हणूनच करत नाही.

2020 मध्ये अमेरिकेत एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, असलेल्या 8 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 'एंडेव्हरआरएक्स' या गेमला मान्यता दिली, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारा गेम म्हणून. तेव्हापासून हॉस्पिटलची खरेदी समिती विचारते, "तुमचाही तसाच का?" तसा नाही. तिथे एकच पक्का गेम तपासला गेला. आमच्याकडे दर थेरपिस्टचा गेम वेगळा. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून भारतात उपचारासाठीचं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येतं. आम्ही पत्रकावर 'बरे करतो' छापत नाही. मार्केटिंगवाल्या मित्रांना हे मिळमिळीत वाटतं. वाटू दे.

मोठ्या हॉस्पिटलांची मंजुरी वर्ष-वर्ष रेंगाळते. कंपनी तगली ती लहान क्लिनिकांवर. तिथे मॅडमच मालक, हिशेबनीस आणि खरेदी समिती. पटलं तर संध्याकाळी पैसे जमा. त्यांच्यासाठी महिन्याचं भाडं ठेवलं, हवं तेव्हा बंद करता येईल असं.

सध्या काम चाललंय ते गेमच्या देवाणघेवाणीवर. कुणी सुट्ट्या पैशांचा गेम केलाय, कुणी डबा भरण्याचा. एकीचा गेम दुसरीने घेतला, तर चित्रं आणि क्रम जावा, पण आधीच्या पेशंटची रेंज आणि नाव जाता कामा नये. हे वेगळं करणं वाटलं होतं त्याहून किचकट निघालंय; दिवाळीपर्यंत होईल असं प्रोग्रामर म्हणतात. कुठल्या दिवाळीपर्यंत, ते मी विचारलेलं नाही.